उंचीतलं टिंब: ५.१ फूट आणि ५ फूट १ इंच

चोपडा तालुक्यातल्या एका भावाने विचारलंय, "बहिणीची उंची ५.१ आहे. लग्नाच्या बायोडेटातही तेच लिहिलंय. मोबाइलवर फुटाचे सेंटीमीटर केले तर १५५.४५ आले. पोलीस भरतीला मुलींना १५५ लागते, म्हणून निर्धास्त होतो. मैदानावर मोजली तर १५४.६ निघाली आणि ती बाहेर पडली. मोजणाऱ्याने चूक केली का? आणि आता बायोडेटात काय लिहायचं?"

भाऊ, मोजणाऱ्याची चूक मला तरी दिसत नाही. मोबाइलचीही नाही, त्याला जे विचारलं त्याचं उत्तर त्याने बरोबर दिलं. घोटाळा त्या पाच आणि एकच्या मधल्या टिंबाने केला. तो फक्त तुमच्याकडेच झालाय असंही नाही. मी अमळनेरला शाळेत क्रीडाशिक्षक होतो. आता निवृत्त आहे आणि सकाळी पोरापोरींची भरतीची तयारी करून घेतो. नवीन पोरगा आला की पहिला प्रश्न ठरलेला, "कितली उंची शे तुनी?" उत्तरही ठरलेलं, "पाच-पाच शे, सर." वहीत मात्र तोच पोरगा ५.५ असं लिहितो.

फुटात इंच बारा असतात, दहा नाहीत. मोबाइलला किंवा कॅल्क्युलेटरला ५.५ दिलं की तो त्याला साडेपाच फूट समजतो आणि १६७.६४ सेंटीमीटर सांगतो. पोराच्या मनात पाच फूट पाच इंच असतात, म्हणजे १६५.१. एका टिंबाने अख्ख्या इंचाचा फरक पाडला. गंमत अशी की आपल्या बोलण्यात हा घोटाळा कधीच होत नाही. साडेपाच फूट म्हटलं की कुठल्याही गवंड्याला पाच फूट सहा इंच कळतं. सव्वापाच म्हणजे पाच-तीन, पावणेसहा म्हणजे पाच-नऊ. पाव फूट म्हणजे नेमके तीन इंच, त्यामुळे सव्वा, साडे, पावणे हे शब्द फुटाला चपखल बसतात. बोलताना 'साडेपाच' आणि 'पाच-पाच' हे वेगळे राहतात, कागदावर दोघंही ५.५ होऊन बसतात.

पोरांना मी हे क्रिकेटवरून सांगतो. धावफलकावर ४.३ षटकं लिहिलेली असतात, ती चार षटकं आणि तीन चेंडू, म्हणजे साडेचार षटकं. तिथे कोणी चुकत नाही. ४.५ नंतर एक चेंडू पडला की पाचवं षटक संपतं, ४.६ कोणी म्हणत नाही. त्यांच्या वडिलांना सांगायचं असलं तर शेताचं उदाहरण पुरतं. दोन एकर वीस गुंठे जमीन आपण २.२० लिहितो आणि तिला अडीच एकर म्हणतो, कारण एकराचे गुंठे चाळीस. सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतं तिथलं टिंब मात्र खरं दशांश असतं, कारण हेक्टरचे आर शंभर. एकाच घरातल्या दोन कागदांवर दोन टिंबं, दोघांचा अर्थ वेगळा, आणि शेतकऱ्याला दोन्ही बरोबर कळतात. उंचीच्या वेळीच काय होतं कोण जाणे.

सगळ्यात मोठी फजिती पाच-दहावाल्यांची होते. ५.१० आणि ५.१ हे यंत्राला एकच. पाच फूट दहा इंचाचा, म्हणजे १७७.८ सेंटीमीटरचा गडी मोबाइलवर १५५.४५ चा होतो. पण ही चूक लगेच लक्षात येते, कारण बावीस सेंटीमीटर कोणाच्याही नजरेतून सुटत नाहीत. घात करते ती लहान चूक, आणि ५.१ ची चूक सगळ्यात लहान आहे. फक्त पाच मिलिमीटरची.

आता तुमच्या बहिणीचा हिशेब. मैदानावरचे १५४.६ खरे धरू. त्याला २.५४ ने भागलं की ६०.८७ इंच येतात, म्हणजे पाच फूट आणि पाऊण इंचापेक्षा जरा जास्त. घरी कोणीतरी कधीतरी मोजली असेल आणि 'एकच धरा' म्हणून पाच-एक केली असेल. इथे साडेतीन मिलिमीटर वाढले, कारण पाच फूट एक इंच म्हणजे १५४.९४. मग पाच-एकचं ५.१ झालं आणि मोबाइलने १५५.४५ सांगितलं. इथे आणखी पाच मिलिमीटर वाढले. दोन्ही मिळून साडेआठ मिलिमीटर फुकटचे आले, आणि तिला कमी पडत होते चार.

एक गोष्ट नीट बघा. घरची मोजणी अगदी बिनचूक पाच फूट एक इंच असती तरी ती १५५ ला सहा दशांश मिलिमीटरने कमीच पडली असती. म्हणून भरतीच्या मुलींना मी सांगतो, पाच-एक म्हणजे १५५ हे डोक्यातून काढून टाका.

आता आकडेमोड. इंच म्हणजे २.५४ सेंटीमीटर, आणि हे 'जवळपास' नाही, पूर्ण आहे. पूर्वी इंग्लंडचा इंच आणि अमेरिकेचा इंच यांत केसाहून बारीक फरक होता. १९५९ मध्ये इंग्रजी बोलणाऱ्या सहा देशांनी मिळून इंच २५.४ मिलिमीटरचा ठरवला आणि तो वाद मिटवला. म्हणजे आज इंचाची व्याख्याच सेंटीमीटरवरून होते. त्यामुळे फूटही पक्का आहे, ३०.४८. जळगावच्या सराफ बाजारात तोळा तसा पक्का राहिला नाही. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा होता, आज तोळा म्हटलं की दहा ग्रॅम समजतात. आजीच्या काळच्या तोळ्यांची बेरीज करताना सोनाराला विचारावं लागतं. उंचीत तेवढी अडचण नाही.

कागदावर करायचं तर आधी सगळ्याचे इंच करा. पाच फूट सात इंच म्हणजे ६७ इंच, गुणिले २.५४, उत्तर १७०.१८. फुटाला वेगळं गुणलं आणि इंचाला वेगळं तरी चालतं, पण तिथेच पोरं टिंबात अडकतात, म्हणून मी इंचाचाच आग्रह धरतो. तोंडी करायचं तर पाच फुटाचे १५२.४ एकदा पाठ करा आणि वर प्रत्येक इंचाला अडीच मिळवा. पाच-सातला १५२.४ अधिक साडेसतरा, १६९.९. खरं उत्तर १७०.१८, म्हणजे तीन मिलिमीटरचा फरक राहिला, कारण अडीच धरल्यावर दर इंचामागे ०.४ मिलिमीटर सुटतो. शिंप्याला एवढं चालतं, बायोडेटाला चालतं. भरतीला चालत नाही, हे तुमच्या घरात आता कोणाला सांगायला नको.

उलटं करायचं, म्हणजे सेंटीमीटरवरून फूट-इंच काढायचे, तर १५२.४ वजा करा आणि उरलेल्याला २.५४ ने भागा. १७२ मधून १५२.४ गेले, राहिले १९.६. भागले की ७.७२ इंच. म्हणजे पाच फूट पावणेआठ इंच, अगदी दोरा इकडे तिकडे. उंची १५२.४ पेक्षा कमी असेल तर जेवढी कमी तेवढे इंच पाच फुटांतून वजा करा. ३०.४८ ने भागायच्या भानगडीत मात्र पडू नका. १६५ ला ३०.४८ ने भागलं की ५.४१ येतं, आणि पोरगा म्हणतो, "सर, मी पाच-चार." अरे, ते .४१ फुटाचे आहेत, इंचाचे नाहीत. बाराने गुण, पाच इंच होतात. म्हणजे तोच घोटाळा इथे उलट्या बाजूने येतो आणि चांगल्या पोराचा इंच खाऊन टाकतो.

पाठ करायचेच असतील तर हे चार आकडे पुरे आहेत: सव्वापाच फूट १६०.०२, साडेपाच १६७.६४, पावणेसहा १७५.२६, सहा फूट १८२.८८. प्रत्येक पायरी ७.६२ ची. मधले इंच बोटावर मोजता येतात.

आता भरतीच्या आकड्यांकडे येऊ. इथे फूट-इंचात विचार करणाऱ्यांची खरी कसोटी लागते. राज्य पोलीस शिपायाला पुरुषांसाठी १६५ लागतात. पाच फूट पाच इंच म्हणजे १६५.१, एका मिलिमीटरने पास. राज्य राखीव दलाला १६८ लागतात, आणि साडेपाच फूट म्हणजे १६७.६४. साडेतीन मिलिमीटरने नापास! पाच-सहाची कितीतरी पोरं छाती पुढे काढून राखीव दलाच्या मैदानावर जातात आणि काठीखालून बाहेर येतात. केंद्राच्या दलांत खुल्या गटाच्या मुलांना १७० लागतात, तिथे पाच-सात म्हणजे १७०.१८ जेमतेम बसते, आणि मुलींना १५७, तिथे पाच-दोन म्हणजे १५७.४८ बसते. आपल्याकडे सातपुड्याच्या पट्ट्यातली, नंदुरबार, शिरपूर, यावलकडची आदिवासी मुलं-मुली बरीच येतात. त्यांना त्याच दलांत सवलत आहे, मुलांना १६२.५ आणि मुलींना १५०. पाच-चार म्हणजे १६२.५६, बसली. चार फूट अकरा इंच म्हणजे १४९.८६, दीड मिलिमीटरने राहिली. हे आकडे मला पाठ आहेत म्हणून तुम्ही पाठ करू नका. नियम बदलतात. जाहिरात निघाली की तिच्यातला सेंटीमीटरचा आकडा वाचा आणि त्याला फुटात आणायच्या फंदातच पडू नका. सेंटीमीटरमध्ये मोजा आणि सेंटीमीटरशीच ताडून बघा. खरं तर भरतीपुरती उंची फुटात बदलायची गरजच नाही.

तरी फूट आपल्या तोंडातून जात नाही, त्यालाही कारण आहे. देशात मेट्रिक मापं १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली. कापड मीटरवर आलं, दूध आणि रॉकेल लिटरवर आलं, कारण ते दुकानात विकलं जातं आणि दुकानदाराच्या मापावर सरकारी शिक्का लागतो. माणसाची उंची कोणी विकत नाही, म्हणून ती फुटात राहिली. बोअर किती लागला ते आपण फुटात सांगतो, केळीची लागण पाच बाय पाचवर करतो, पाइप अर्धा इंची मागतो. त्याआधीच्या लोकांनी तर माणसालाच माप केलं होतं. विहिरीत पुरुषभर पाणी आहे म्हटलं की झालं. त्या पुरुषाची उंची किती, हे कोणी विचारलं नाही.

आता मोजणी. रूपांतर कितीही बिनचूक केलं तरी मूळ आकडाच खोटा असेल तर उपयोग नाही. घरोघरी उंची मोजतात ती शिंप्याच्या टेपने. ती टेप दीड मीटरची असते. माणूस तिच्यापेक्षा उंच, म्हणजे भिंतीवर खूण करून वरचा तुकडा वेगळा मोजावा लागतो आणि त्या जोडात चूक शिरते. शिवाय त्या टेपच्या दोन बाजूंचंही नीट बघून घ्या. साठ इंच म्हणजे १५२.४ सेंटीमीटर. स्वस्तातल्या काही टेपांवर साठ इंच आणि १५० सेंटीमीटर एकाच रेघेवर संपतात. अशी टेप दिसली की दोन्हीपैकी एक बाजू नक्की खोटी, कदाचित दोन्ही.

या टेपने मलाही एकदा फसवलंय. नवीन होतो तेव्हाची गोष्ट. एका पोराला शाळेतल्या कापडी टेपने मोजला, १६४.२ भरला. मी त्याला सांगितलं, "पोलिसात बसत नाही, दुसरं काही बघ." त्याने ऐकलं, त्या वर्षी फॉर्म भरला नाही. वर्षभराने आमच्याकडे लाकडी उंचीमापक आला. सहज म्हणून त्याला उभा केला तर १६५.३. पोरगा वाढला नव्हता, टेप ताणली गेली होती. ताणलेल्या टेपवर रेघा लांब लांब जातात, म्हणून ती खऱ्यापेक्षा कमी दाखवते. त्याचं ते वर्ष मी खाल्लं. पुढच्या भरतीत तो लागला, पण माझ्या मनातून ते गेलं नाही. तेव्हापासून कुठलीही टेप हातात आली की आधी ती स्टीलच्या पट्टीशी लावून बघतो.

घरी मोजायचं तर मिस्त्री वापरतात ती स्टीलची टेप घ्या. तिच्या टोकाची कडी थोडी हलते, ती बिघडलेली नसते. कडी दाबली किंवा ओढली की तिच्या स्वतःच्या जाडीएवढी सरकावी म्हणून मुद्दाम सैल ठेवलेली असते. सारवलेली किंवा उतार असलेली जमीन नको, सपाट फरशी बघा. भिंतीच्या तळाला फरशीची पट्टी पुढे आलेली असेल तर टाचा भिंतीला लागत नाहीत, तिथे दाराची चौकट बरी. चपला-मोजे काढा. टाचा, बैठक आणि पाठीचं पातं मागे टेकलेलं हवं, नजर समोर. हनुवटी वर केली की उंची वाढते असं पोरांना वाटतं. खरं तर तिने डोकं मागे झुकतं आणि मिलिमीटर जातात. डोळ्याची खालची कड आणि कानाचं छिद्र एका आडव्या रेषेत आलं की डोकं बरोबर आहे. मग जाड पुठ्ठ्याचं पुस्तक भिंतीला काटकोनात धरून डोक्यावर दाबा, केस दबेपर्यंत, आणि पुस्तकाच्या खालच्या कडेला पेन्सिलने खूण करा. हे दुसऱ्याने करायचं असतं. स्वतःची उंची स्वतः मोजणारा माणूस नेहमी सेंटीमीटरभर वाढतो.

वेळही लिहून ठेवा. पाठीच्या मणक्यांमधल्या चकत्या दिवसभर वजनाने दबतात आणि रात्री झोपेत पुन्हा फुगतात, त्यामुळे सकाळी उठल्याउठल्या माणूस संध्याकाळपेक्षा साधारण सेंटीमीटरभर उंच असतो. त्यातलं बरंचसं उठल्यावर पहिल्या काही तासांतच जातं. म्हणजे मैदानावर नंबर लागेपर्यंत तीन-चार तास उभं राहिलं, तर पहाटे घरी दिसलेले मिलिमीटर तिथे दिसतीलच असं नाही. काठावरच्या उंचीच्या पोरांना मी सांगतो, नंबर येईपर्यंत उभे राहू नका, सावली बघून आडवे व्हा. ही लबाडी नाही, ते मिलिमीटर तुमचेच आहेत. केसांत काही चिकटवून येणारे मात्र मी पाहिले आहेत, आणि ते पकडले जाताना पण पाहिले आहेत. उंची वाढवायच्या पावडरी भिंतींवर रंगवलेल्या दिसतात, त्यांच्यावर एक रुपया घालवू नका. हाडांची टोकं एकदा जुळली की पावडरीने काही होत नाही. बारला लटकल्याने पाठ सरळ होते आणि वाकून उभं राहायची सवय जाते, तेवढाच त्याचा उपयोग.

बायोडेटाचं म्हणाल तर '५ फूट १ इंच' असं अक्षरांत लिहा, टिंब वापरू नका. त्याच्या पुढे १५५ सेंमी लिहिलं तरी हरकत नाही. १५४.६ ला पूर्णांकात १५५ म्हणतात आणि लग्नाला कोणी मोजपट्टी घेऊन येत नाही. परिचय मेळाव्याच्या पुस्तिकेत कोणी पाच-एकला १५४ लिहितो, कोणी १५५. एकाने दशांश तोडून टाकलेला असतो, दुसऱ्याने जवळचा पूर्णांक घेतलेला असतो. दोघंही खोटं बोलत नाहीत. एकदा पूर्णांक केलेला आकडा पुन्हा दुसऱ्या मापात फिरवायचा नाही, एवढं सांभाळा. मूळ १५४.६ वहीत राहू द्या आणि जेव्हा लागेल तेव्हा त्याच्यावरूनच करा. मुलीकडचे एक इंच वाढवतात, मुलाकडचे दोन, आणि मग पहिल्या भेटीत दोन्हीकडचे चपलांकडे बघतात, ही रीत मी काही बदलू शकत नाही.

राहिला भरतीचा प्रश्न. चार मिलिमीटर हा असा आकडा आहे की त्यात सकाळ-संध्याकाळचा फरक सहज मावतो. तीन दिवस, उठल्यावर अर्ध्या तासाने आणि संध्याकाळी, स्टीलच्या टेपने मोजा आणि सहाही आकडे मिलिमीटरपर्यंत लिहा. सकाळचे तिन्ही १५५ च्या वर आले तर पुढच्या भरतीचा फॉर्म भरा आणि मोजणीवर दाद मागायची तरतूद आहे का ते जाहिरातीत आधीच वाचून ठेवा, कारण तक्रार तिथल्या तिथे करावी लागते, घरी येऊन नाही. सकाळचेही खालीच राहिले तर तिला पोलिसाच्या नादात आणखी दोन वर्षं घालवू देऊ नका. वनरक्षकाला मुलींना १५० लागतात, तिथे ती साडेचार सेंटीमीटरने वर आहे, आणि चोपड्याच्या पोरीला सातपुडा काही नवा नाही. धावण्याची तयारी झालेलीच आहे, ती वाया जाणार नाही.

एकदा अमळनेरला घेऊन या, लाकडी मापकावर बघून देतो. सकाळच्या पहिल्या गाडीने या आणि तिला अंबाडा घालू देऊ नका, खाली सैल वेणी पुरे.